चव कुणी बघितली

बोनकोडे, कोपरखैरणे
सोमवार, २२ नोव्हेंबर १९९९

प्रिय मिस्बाह,

तुझं कार्ड गेल्या बुधवारी मिळालं. चार ओळी लिहिल्यास आणि मला पाच दिवस कामाला लावलंस. तू विचारलंस, जाईमावशी, कीश आणि सुफ्ले यांत फरक काय, केटरिंगच्या जर्नलमधे लिहायचा आहे, पुस्तकातलं उतरवून चालणार नाही असं सर म्हणाले. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंस, अम्मीला विचारलं तर ती म्हणाली जाईला विचार, आणि उठून गेली. ती शेवटची ओळ मी हरेशकडून परत वाचून घेतली. म्हटलं माझंच वाचायला चुकलं असेल. पावणेचार वर्षं झाली, तुझ्या अम्मीनं माझ्याशी एक शब्द बोललेला नाही, आणि आता म्हणते जाईला विचार. हरेश म्हणाला, आये, एवढं काय त्यात, सांगून टाक ना फरक. त्याला काय ठाऊक. तो माझा मुलगा असला तरी त्याला पण यातलं काही ठाऊक नाही.

मी तिसरी शिकलेली बाई आहे. हरेशला सांगून लिहून घेतलं असतं, पण तो मधे मधे सुधारतो आणि आये, असं नको लिहू म्हणतो. फोन करायचा तर तुमच्या शेजारच्यांकडे करावा लागतो, तिथं सगळे कान लावून बसणार. शिवाय हल्ली माझं बोलणं लोकांना नीट कळत नाही, तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखं येतं. म्हणून स्वतःच लिहिते आहे, दुपारची, ओट्यावर वही ठेवून, उभ्यानं. बसून लिहिलं की मला झोप येते. तू सांभाळून वाच, आणि सगळं वाच, जर्नलपुरतं वाचून टाकून देऊ नकोस.

तुला बंगला आठवतो का? बेलापूरला, पारसिकच्या टेकडीवर. तळोज्याच्या कारखान्यात मशिनरी बसवायला फ्रान्सहून इंजिनियर आले होते, त्यांच्या कंपनीनं तो घेतला होता गेस्ट हाऊस म्हणून. मी त्र्याण्णव साली तिथं भांड्याला लागले. आमची शेती सिडकोनं कधीच घेतली होती, हरेशचे बाबा जाऊन वर्ष झालं होतं, घरात बसून मी कुणाकुणावर ओरडत राहिले असते. तुझी अम्मी, खुर्शीद, माझ्या आधी महिनाभर आलेली, नावड्याहून दोन बस बदलून. ती स्वयंपाकाला, मी भांड्याला. पहिल्याच दिवशी तिनं मला सांगितलं, बाई, कढई अशी घासतात का, आतून काळी ठेवलीस. मी म्हटलं, तूच घास मग. दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिनं डब्यातनं तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी माझ्यापुढे सरकवली. झालं. तेव्हापासून मी भांड्यावरून ओट्यावर कधी आले ते मलाच कळलं नाही. मोठ्या इंजिनियरची बायको, मादाम क्लेर, तिनं आम्हा दोघींना उभं करून शिकवलं. तिला मराठी येत नव्हती, आम्हाला तिची भाषा येत नव्हती. हातानं दाखवायची, चुकलं की चमच्यानं ओटा वाजवायची.

आता कीश. लिहितात भलतंच, बोलतात कीश. हे म्हणजे बूड असलेलं अंडं, असं समज. खाली मैद्याची पारी, वर अंड्याचं सारण. मैद्यात फ्रीजमधलं कडक लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं, रवाळ झालं की बर्फाचं पाणी जेमतेम शिंपडून गोळा करायचा. मळायचं नाही. पहिल्या दिवशी मी चपातीच्या कणकेसारखं दणादण मळलं, तर असं कडक झालं की मादामच्या नवऱ्यानं सुरी ठेवून हातानं मोडलं. गोळा थंड करून लाटायचा, पसरट भांड्यात काठासकट बसवायचा, वर कागद टाकून कागदावर वजनाला कडधान्य ओतायचं आणि आधी तसंच रिकामं भाजून घ्यायचं. नाहीतर सारणानं बूड ओलं राहतं, कच्चं लागतं. आमच्याकडे वजनाला वाल होते. तेच एक किलो वाल शेवटपर्यंत. एकदा नव्या आलेल्या सखूनं ते भिजत घातले, बिरड्याची उसळ करते म्हणाली. दोन दिवस झाले तरी मोड येईनात. खुर्शीद हसून हसून खाली बसली, म्हणाली, अगं सखू, ते वाल शंभर वेळा भाजून झालेत, त्यांना आता कसले मोड.

सारणात अख्खी अंडी फोडायची, पांढरं पिवळं एकत्र, त्यात साय आणि दूध, मीठ मिरी, मंद आचेवर परतलेला कांदा, किसलेलं चीज. मुळात त्यात डुकराचं मांस घालतात. तुझ्या अम्मीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, मी त्याला हात लावणार नाही. मान वर करून सांगितलं, मला आठवतं. मादामनं ते पाकीट परत फ्रीजमधे टाकलं. त्याच्या जागी आम्ही सुक्या कोलंबीचे सोडे घातले, भिजवून, लोण्यात परतून. इंजिनियर लोकांनी पहिला घास जपून घेतला. मग सगळ्यांनी दुसऱ्यांदा घेतलं. तेव्हापासून त्या बंगल्यात कीश सोड्यांचीच. भाजताना मधोमध जरासं हलत असतानाच बाहेर काढायची, खरवस हलतो तेवढं. बाहेर बसली की आपोआप धरते. गरम खा, कोमट खा, दुसऱ्या दिवशी गार खा, डब्यात घालून गावाला ने. कुणाला उशीर झाला तर कीश त्याच्यासाठी थांबते. भली आहे ती.

सुफ्लेला बूड नाही. त्याला खाली काही नाही आणि वर काही नाही. लोण्यात मैदा परतायचा, दूध घालून घोटायचा, पांढरं दाट सॉस होतं, ते खाली उतरवून त्यात फक्त पिवळं घालायचं, मग चीज. पांढरं वेगळ्या भांड्यात. त्या भांड्याला तेलाचं बोट लागलेलं चालत नाही, पिवळ्याचा थेंब चालत नाही. ते फेटायचं, हात गळून पडेपर्यंत फेटायचं. भांडं उलटं केलं तरी पडता कामा नये. खुर्शीद ते माझ्या डोक्यावर उलटं धरायची, म्हणायची, पडलं तर तुझं तू बघ. मग ते पांढरं सॉसमधे हलक्या हातानं मिसळायचं, ढवळायचं नाही, खालून वर आणायचं. उभ्या काठाच्या भांड्याला आतून लोणी लावून त्यात ओतायचं आणि ओव्हनचं दार लावून टाकायचं. पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही. काठाच्या वर चार बोटं फुगून येतं, सोन्यासारखं. आणि बाहेर काढलं की पळत सुटायचं, कारण दहा मिनिटांत ते बसतं. मादामनं आम्हाला एक गोष्ट घोकून घेतली होती. सुफ्ले कुणासाठी थांबत नाही, खाणाऱ्यानं आधी टेबलाशी येऊन बसायचं आणि सुफ्लेची वाट बघायची. तुझी अम्मी म्हणायची, सुफ्ले म्हणजे नवरदेव आणि कीश म्हणजे नवरा. नवरदेवाला घोड्यावर आहे तोवर डोळे भरून बघून घ्या. नवरा काय, उद्या पण तिथंच, गार झालेला. मी म्हणायची, माझा तर उद्यापण नाही राहिला. मग आम्ही दोघी परत हसायचो.

तर जर्नलमधे लिही, की दोन्हीत अंडी तीच, दूध तेच, चीज तेच. कीशमधे अंडं अख्खं जातं आणि सगळ्याला धरून ठेवतं. सुफ्लेमधे अंड्याचे दोन भाग करतात आणि पांढरं सगळ्याला वर उचलतं. कीशला बूड असतं, सुफ्लेच्या आत नुसती हवा. आणि सरांच्या पुस्तकात नसेल ते लिही, की कीश एका बाईला जमते, सुफ्लेला दोघी लागतात. सॉस गरम असतानाच पांढरं तयार पाहिजे, एक जण सॉस घोटते तेव्हा दुसरी फेटते. आमच्यात सॉस तिचं, फेटणं माझं. माझा दंड भातकापणीचा होता.

इथपर्यंत तुझ्या कामाचं झालं. आता माझ्या कामाचं.

मीठ. दोन्हीत मीठ आधीच बघावं लागतं, ओव्हनचं दार लागलं की मग कमीजास्त करता येत नाही. सुफ्लेचं सॉस जरा चढं लागलं पाहिजे, कारण पांढरं मिसळलं की चव उतरते. हे बघायचं जिभेनं, दुसरा उपाय नाही. आणि आमची गंमत अशी, की श्रावणात मी अंडं तोंडाला लावत नाही, आणि रमजानात तुझी अम्मी सकाळपासून पाणीसुद्धा घेत नाही. मग आम्ही ठरवून घेतलं होतं. श्रावणात माझ्या हातच्या भांड्याची चव ती बघायची, रमजानात तिच्या भांड्याची मी बघायची. जी चव बघेल तिनं मोठ्यानं म्हणायचं, मीठ झालं. ते म्हटलं की दुसरीनं त्या भांड्याला मीठ लावायचं नाही आणि विचारायचं पण नाही. मादामलाही कळून गेलं होतं. रमजान लागला की ती माझ्याकडे बोट दाखवून आपली जीभ बाहेर काढायची, म्हणजे आता महिनाभर तू. मी तेव्हा सकाळी दाताला भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावायची, आमच्या गावात सगळ्याच बाया लावतात. तुझ्या अम्मीनं माझी मिश्रीची डबी दोनदा कचऱ्यात टाकली. म्हणाली, या काळ्या भुकटीनं तुझी जीभ जळून जाईल, मग रमजानात माझी चव कोण बघणार? मी म्हटलं, तू तुझं बघ. तिसरी डबी मी ब्लाउजमधे ठेवायला लागले.

आता शहाण्णव सालचं सांगते. त्या वर्षीही शिवरात्र रमजानात आली, शनिवारी, ईद चार-पाच दिवसांवर. एरवी शिवरात्रीला माझी सुट्टी ठरलेली असायची. त्या वर्षी फ्रान्सहून कंपनीचे मोठे साहेब जेवायला येणार होते, बंगल्याचा मॅनेजर म्हणाला कुणाला सुट्टी नाही. मी म्हटलं माझा कडक उपास आहे. तो म्हणाला, म्हणजे एकीचा रोजा आणि एकीचा उपास, मग अन्नाची चव कोण बघणार, मी? बाहेरून आचारी आणतो आणि तुम्ही दोघी बसा घरी. मला असा राग आला. तीन वर्षं मी त्या ओट्याशी उभी होते, आणि बाहेरचा येऊन माझ्या ओव्हनला हात लावणार. मी म्हणून गेले, नाही धरत उपास यंदा, मी बघते चव. आणि उपास तर मी धरलेला होता. शिवरात्रीचा उपास मी माझ्या लग्नापासून एकदाही मोडला नाही. सकाळी पिशवीत दोन उकडलेली रताळी घालून मी कामावर गेले आणि ती पिशवी खिळ्याला टांगली.

खुर्शीदनंही विचारलं. आज तुझी शिवरात्र ना गं? मी म्हटलं, यंदा नाही धरली, कंटाळा आला. ती जरा बघत राहिली. मग म्हणाली, बरं झालं, मला टेन्शन आलं होतं. तिनं सकाळीच कीश करून ठेवली होती, खाडीपुलावरच्या ट्रॅफिकमधे अडकून जे उशिरा येतील त्यांच्यासाठी. सुफ्ले साहेबांसाठी, मोठी दोन भांडी. साहेब येऊन बसले आणि आमची धावाधाव सुरू झाली. तिनं सॉस केलं, अंदाजानं मीठ घातलं. रोजा असला की ती नेहमी हात राखून घालायची, मी चव बघून वाढवायची. साहेबांनी स्वतःबरोबर फ्रान्सहून चीज आणलेलं, तेच घालायचं होतं. ते किती खारट आहे हे एका बोटानं कळलं असतं. मी बोट लावलं नाही. पण मीठ कमीच असणार, ती नेहमी कमीच घालते, असं म्हणून मी आणखी एक चमचा टाकला. पांढरं माझ्या हातात तयार, ते बसायला लागतं, वेळ नव्हता. तिनं विचारलं, बघितलीस चव? मी म्हटलं, बघितली, मीठ झालं, चल लवकर.

असं सुंदर सुफ्ले आमच्या हातून कधी झालं नव्हतं. चारच्या जागी पाच बोटं वर आलं. मादाम स्वतः घेऊन पळाली. आतून टाळ्या ऐकू आल्या. मग काहीच ऐकू येईना. मी दाराच्या फटीतून बघितलं, साहेबांनी रुमाल तोंडाला लावला होता. मादामनं एक घास घेतला आणि पाण्याचा ग्लास उचलला.

पुढचं थोडक्यात सांगते, लांबवून मला काय मिळणार आहे. मॅनेजर आत आला, सॉस कुणी केलं म्हणाला. खुर्शीद म्हणाली मी. चव कुणी बघितली? खुर्शीदनं माझ्याकडे बघितलं. ती नुसती बघत होती, मी बोलायची वाट बघत. मी तिथं दोन शब्द बोलायचे होते. मी म्हटलं, मीठ तिनं घातलंय, तिचा रोजा आहे, ती कशी बघणार चव. खोटं त्यात एकही नव्हतं बघ, मिस्बाह. मीठ तिनं घातलं होतं, तिचा रोजा होता, ती चव बघू शकत नव्हती. नुसतं मधलं माझं मी गाळून टाकलं. मॅनेजर तिला म्हणाला, रोजे करायचे तर घरी बसून करा, हे किचन आहे. मादामला त्यानं काय समजावलं ते त्याच्या इंग्रजीत, आम्हाला कळलं नाही. मादाम मान हलवत राहिली. बाहेर तोवर उशिरा आलेले पाहुणे खुर्शीदच्या हातची कीश खात होते आणि वाहवा करत होते. तेच जेवण तिच्या कीशनं सावरलं, आणि तिला आत कामावरून काढत होते.

ती पदराला हात पुसून तिची पिशवी घ्यायला गेली. खिळा एकच होता, तिच्या पिशवीवर माझी पिशवी. माझी काढताना पिशवीचं तोंड उघडलं. तिला रताळी दिसली. मी ओट्यापाशी उभी होते, मला तिची पाठ दिसत होती. शिवरात्रीला उकडलेलं रताळं कोण खातं हे तिला मी सांगायला नको होतं, दरवर्षी दुसऱ्या दिवशी उरलेलं मीच तिला रोजा सोडायला आणून द्यायची. मॅनेजर तिथंच उभा होता. तिनं एक रताळं उचलून त्याला दाखवलं असतं तर काम झालं असतं. ती ते करेल असंच मला वाटलं. तिनं पिशवीचं तोंड नीट दुमडलं, परत खिळ्याला अडकवली, आपली घेतली आणि मागच्या दारानं गेली. तिनं माझ्याकडे बघितलं पण नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी ती रताळी खाल्ली नाहीत. काय उपयोग.

ईदच्या दिवशी मी नावड्याला आले होते. डब्यात तांदळाच्या बोरांचा खाऊ होता. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी तू उभी होतीस, हिरव्या ड्रेसमधे, शेजाऱ्यांकडे शेवयांच्या वाट्या नेत होतीस. तू मला बघून हात केलास. मी पाठ फिरवली आणि बस पकडली. तुला वाटलं असेल दुसरीच कुणी बाई असेल. मीच होते.

मी बंगल्यावर आणखी दोन वर्षं काढली, मुख्य स्वयंपाकीण म्हणून. मादामनं किती वेळा सांगितलं, सुफ्ले कर. मी म्हणायची, ओव्हन बिघडलाय, अंडी शिळी आहेत, हात दुखतो. कीश केली, शंभर केल्या. सुफ्ले नाही केलं. एकदाच सखूला सॉस घोटायला उभी केली होती. तिनं घोटताना मला विचारलं, मावशी, चव बघताय ना? मी सगळं भांडं मोरीत ओतलं. गेल्या वर्षी फ्रेंच लोक गेले, जाताना मादामनं तो ओव्हन मला दिला. आमच्या घरी तो पडून आहे, वर हरेशनं टीव्ही ठेवलाय.

आता मी हे का लिहिते ते ऐक. माझ्या जिभेवर डाव्या बाजूला एक पांढरा डाग आला होता, उन्हाळ्यात. मी लक्ष दिलं नाही. मग तो चिघळला. तिखट जाईना, आता दुधात पाव बुडवून खाते. वाशीच्या डॉक्टरनं परळला पाठवलं. परळला तुकडा काढून तपासला आणि सांगितलं ते मिश्रीचं आहे. पुढच्या शुक्रवारी, तीन तारखेला, अर्धी जीभ काढणार आहेत, नंतर मशिनखाली निजवून लाईट देणार आहेत. डॉक्टरीणबाई चांगली होती, मी विचारलं तसं तिनं सरळ सांगितलं, बोलणं किती येईल सांगता येत नाही, चव बहुतेक जाईल. हरेश तिथं रडला. मी त्याला ओरडले. मला तेव्हा काय आठवलं असेल? खुर्शीदनं कचऱ्यात टाकलेल्या दोन डब्या. आणि मग तुझं कार्ड आलं, जाईला विचार. तर मिस्बाह, बाय, हे पत्र तुला लिहिलंय पण तुझ्या अम्मीला मराठी वाचता येत नाही म्हणून तुला लिहिलंय. तिला समोर बसव आणि पहिल्यापासून वाचून दाखव. रताळ्यांचं वाचताना अडखळू नकोस. हरेश बाइकवरून आणून देतो म्हणत होता, मी नको म्हटलं, तो दारात उभा राहून उत्तर मागेल. पोस्टानं टाकते, तिला ऐकून गप्प बसायचं असेल तर बसू दे. आणि एवढं तिला माझ्या तोंडचं म्हणून सांग. खुर्शीद, मी चव बघितली नव्हती. वरचं मीठ मी टाकलं. तुला ठाऊक आहे, पण मी बोलले नव्हते, आता बोलले. मॅनेजर आता कुठं आहे मला माहीत नाही, मिळाला असता तर त्यालाही सांगितलं असतं. माफ कर म्हणत नाही, ते तुझ्याकडे राहू दे. पण येत्या रविवारी ये. टीव्ही काल खाली उतरवलाय, ओव्हन पेटतो, मी बघितलं. अंडी आणलीत, आमच्या गावठी कोंबड्यांची. माझा दंड अजून शाबूत आहे. यंदाचा रमजान त्यानंतर दहा-बारा दिवसांनी लागेल, तेव्हा तुझ्यासाठी चव बघायला माझ्याकडे जीभ नसेल. रविवारी ना तुझा रोजा आहे, ना माझी शिवरात्र. सुफ्ले कुणासाठी थांबत नाही, म्हणून मी अकरा वाजल्यापासून बसून राहीन. सॉस तू कर, मीठ तू टाक. चव मी बघेन, आणि कशी आहे ते खरं सांगेन.

तुझीच, आणि तुझ्या अम्मीनं अजून ठेवली असेल तर तिचीही,
जाईमावशी